चंकसाइझ देऊनही प्रत्येक मशीन सगळ्या फ्रेम का करतं

डेडलाइनला (रेंडरचं काम अनेक मशीनवर वाटणारं सॉफ्टवेअर) कमांडलाइन जॉब टाकताना फ्रेम्स १-२४० आणि चंकसाइझ (एका टास्कमधल्या फ्रेम्स) १० दिलाय, म्हणजे २४ टास्क बरोबर पडतायत, तरी प्रत्येक मशीन पहिल्या फ्रेमपासून सगळंच रेंडर करत बसतंय, तर गडबड डेडलाइनची नाहीये, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ऑप्शनच्या क्रमाची आहे. ब्लेंडर ऑप्शन डावीकडून उजवीकडे एकेक करून पाळतो, त्यामुळे डॅश ए (अ‍ॅनिमेशन रेंडर कर) आधी आला की तो लगेच फाइलमधली पूर्ण रेंज सुरू करतो, पुढचे डॅश एस (सुरुवातीची फ्रेम) आणि डॅश ई (शेवटची फ्रेम) त्या रेंडरला लागूच होत नाहीत. आधी डॅश बी (विंडो न उघडता चालव), मग फाइल, मग आउटपुटचा डॅश ओ, मग एस, ई आणि अगदी शेवटी ए. फाइलच्या आधी आउटपुट लिहू नका हं, फाइल उघडली की तिच्यातलं सेटिंग त्यावर बसतं.

आणि एस, ई पुढचे स्टार्टफ्रेम, एंडफ्रेम हे टोकन (त्यांच्या जागी डेडलाइन त्या त्या टास्कचे फ्रेम नंबर भरतं) त्रिकोणी कंसात असतात ना, म्हणून आर्ग्युमेंट्सची अख्खी ओळ अवतरणात टाका, नाहीतर कमांड वाचणारा शेल त्या कंसाला रीडायरेक्ट (फाइलकडे वळवण्याची खूण) समजतो.

चंकसाइझ १ ठेवू नका असं मी सांगेन, जड सीन असेल तर दर फ्रेमला फाइल पुन्हा उघडण्यातच वेळ जातो, पण ५० पण नको, मधेच क्रॅश झालं तर तो टास्क परत पहिल्यापासून चालतो. प्रायॉरिटी शेअर्ड फार्मवर (अनेकांनी मिळून वापरायच्या रेंडर मशीनवर) ५० च राहू द्या, तोच डिफॉल्ट आहे, बाकीच्यांनाही काम वेळेत द्यायचं असतं. आणि पहिल्यांदा जॉब इनिशियलस्टेटस सस्पेंडेड (थांबवलेला) देऊन टाका, डेडलाइनच्या मॉनिटर अ‍ॅपमध्ये एकच टास्क चालू करून त्याचा लॉग बघा, मगच बाकीचे चालू करा.