मदत हवी आहे: टँकमध्ये किलोमीटरभर पोहते, तलावात शंभर मीटरवर दम तुटतो (पहिली ट्रायथलॉन)

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४३. राजाराम तलावावर होणाऱ्या ट्रायथलॉनला नाव घातलंय, स्प्रिंट अंतराला. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. हातात नऊ आठवडे आहेत.

पळण्याची काळजी नाही. रंकाळ्याला रोज सकाळी फेरी असते. सायकल साधी हायब्रीड आहे, पण रविवारी वाघबीळपर्यंत जाऊन येते. पोहायला लहानपणी आजोळच्या विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. फ्रीस्टाइल दोन वर्षांपूर्वी टँकमध्ये शिकले आणि आता न थांबता ४० लांब्या मारते, म्हणजे एक किलोमीटर.

गेल्या रविवारी पहिल्यांदा तलावात उतरले. सोबत चारजण होते. पाणी गढूळ हिरवं, खाली स्वतःचा हातसुद्धा दिसेना. कसेबसे शंभर मीटर गेले आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. डोकं वर काढलं, श्वास घेतला, तरी पुरेना. पाय खाली सोडले तर तळ नाही. सोबतच्या दादांनी कमरेला बांधलेला तरंगता फुगा पुढे केला, तो धरून परत आले. घरी कुणाला सांगितलं नाही. मुलगी सगळ्यांना सांगत फिरतेय की आई ट्रायथलॉन करणार.

ताकद कमी पडतेय की दुसरं काही? नऊ आठवड्यांत हे सुधारतं का? आणि मुलीला आत्ताच खरं सांगून नाव मागे घेऊ का?

प्रतिसाद

ताई, नाव मागे घेऊ नका. टँकमध्ये ४० लांब्या मारणाऱ्या बाईची ताकद तलावात शंभर मीटरमध्ये संपत नाही. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं.

तुमचा श्वास कमी पडत नव्हता, आत अडकत होता. भीती वाटली की आपण पाण्याखाली श्वास धरून ठेवतो. मग डोकं वर काढल्यावर तेवढ्याशा वेळात सोडायचंही आणि घ्यायचंही. नीट काहीच होत नाही. जुनी हवा आत राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यानेच गुदमरल्यासारखं वाटतं. म्हणून आधी सोडायला शिका. छातीभर पाण्यात उभं राहा, तोंड बुडवा आणि नाकातून हंऽऽऽ असं गुणगुणत बुडबुडे सोडा. मान वळवेपर्यंत हवा निम्म्याहून जास्त गेलेली हवी. रोज दहा मिनिटं हेच करा, कंटाळा आला तरी.

दुसरं, टँकच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्या आधाराने आपण सरळ जातो. तलावात ती नाही. बोया, म्हणजे मार्ग दाखवायला पाण्यात बांधलेली तरंगती खूण, पाण्यातून नीट दिसत नाही, म्हणून त्याच्या मागचं उंच झाड किंवा इमारत हेरून ठेवा. दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, मगरीसारखे. अख्खं डोकं उचललंत तर कंबर बुडते.

नियमही माहीत असू द्या. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर तरंगलेलं चालतं. दम लागला तर बचावाची होडी किंवा बोया धरून थांबता येतं, फक्त ते धरून पुढे सरकायचं नाही. मला तरी हे कळल्यावर निम्मी भीती गेली.

तलावात एकटं कधीही उतरू नका. कमरेला नारिंगी फुगा आणि काठावर माणूस, दोन्ही हवंच. आणि बाहेर आल्यावरही खोकला थांबत नसेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर भीती समजून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. सायकलबद्दल सांगते, कारण माझी पहिली शर्यत तिथेच फसली. सायकलवरून उतरून पळायला लागले तर पाय लाकडाचे झाले होते. आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच, चहासुद्धा न घेता, पंधरा मिनिटं पळा. शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पाय भरभर फिरवा. स्टँडवरून सायकल काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला पाहिजे. तिथे उभे असलेले पंच तेच बघतात.

खायचं म्हणाल तर स्प्रिंटला फार काही लागत नाही. दोन तास आधी केळं आणि पोळी, सायकलच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. त्या दिवशी नवीन काही पोटात जाऊ देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गुणगुणण्याचा सराव आजच केला. शेजारच्या लांबीतल्या काकू बघत होत्या.

एक विचारायचं राहिलं. त्याच आठवड्यात पाळी आली तर बायका काय करतात? आणि कपडे तीनदा बदलायचे का?

प्रतिसाद

ताई, बरं झालं विचारलंत. मी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरते. पण तो दोन-तीन पाळ्या आधीपासून वापरून बघावा लागतो, ऐन वेळी नको. तुमच्याकडे दोन महिने आहेत, आत्ताच सुरू करा.

कपडे बदलायचे नाहीत. पातळ गादीचा ट्रायसूट मिळतो, म्हणजे पोहणं, सायकल, पळणं तिन्हीला चालणारा एकच अंगाबरोबरचा पोशाख, तो ओला असतानाच सायकलवर बसायचं. तो नको असेल तर स्पोर्ट्स ब्रा आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग, वर बाहेर आल्यावर टी-शर्ट. मान, काख आणि मांडीला व्हॅसलीन भरपूर लावा.

धागाकर्ती (दहा आठवड्यांनी)

गेल्या रविवारी झाली. २ तास ४ मिनिटं.

मधल्या काळात तलावात आठ वेळा उतरले. तिसऱ्या वेळेपर्यंत काही फरक वाटत नव्हता, रडूसुद्धा आलं. चौथ्या वेळी बुडबुडे मोजत गेले आणि दोनशे मीटर कधी झाले कळलं नाही. मुलीला त्याच दिवशी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारपासून ती काठावर टॉवेल घेऊन उभी.

शर्यतीच्या दिवशी दहा मिनिटं आधी पाण्यात जाऊन तोंड बुडवून घेतलं. शिट्टी झाल्यावर सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि डाव्या कडेने निघाले. पहिल्या बोयाजवळ कुणाचा तरी पाय चष्म्याला लागला, एका डोळ्यात पाणी शिरलं आणि तोच पाटा पुन्हा छातीवर. होडी धरली. होडीतला पोरगा म्हणाला, "काकी, दम घ्या, घाई नाही." चष्मा रिकामा केला, दहा वेळा लांब श्वास सोडला, वीसेक हात ब्रेस्टस्ट्रोक मारला आणि मग फ्रीस्टाइल. पोहायला २६ मिनिटं लागली. बाहेर आल्यावर पायाला चिखल होता. सायकलजवळ जादा बाटली ठेवली होती, तिने पाय धुतले, नाहीतर मोज्यात खडे घेऊन पळावं लागलं असतं. वारा समोरून होता, सायकलला ५२ मिनिटं. पळताना पहिला किलोमीटर जड गेला, नंतर पाय मोकळे झाले.

माझ्यासारखं कुणी कोल्हापुरात असेल तर इथे लिहा. आम्ही रविवारी सकाळी सहाला तलावावर असतो. माझ्याकडे एक फुगा जादा आहे, आणि काठावर थांबायला माझी मुलगी तयार आहे.