बीडीडी चाळ: तुमच्या खोलीची, तुमच्या पॅसेजची आठवण लिहा

१९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (डिलाईल रोड) आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट. एवढं सरकारदप्तरी आहे. त्या खोल्यांत संसार कसे झाले, ते राहिलेल्यांनीच लिहायला हवं. तुटक लिहिलंत तरी चालेल.

वरळी
गावाहून कोणीही आलं की आधी आमच्याकडे उतरायचं, मग गिरणीत चिकटायचं. रात्री जेवणं आटोपली की पुरुष माणसं वळकट्या घेऊन पॅसेजमध्ये. जागा ठरलेल्या असत. पहिल्या पाळीवाले जिन्यालगत झोपत, म्हणजे पहाटे निघताना कोणाला ओलांडावं लागत नसे. दोन्हीकडे खोल्या, त्यामुळे पॅसेजात भर दुपारीही अंधार. दहावीचा अभ्यास मी तिथल्याच दिव्याखाली केला.

नायगाव
चाळीतल्या मायेबद्दल वाचते तेव्हा मला आधी संडासची रांग आठवते. पोटुशी असताना रात्री पाणी प्यायचीसुद्धा भीती वाटायची. माया होतीच. बाळंतपणात शेजारच्या काकूंनी माझं सगळं केलं. पण बायकांनी सोसलं तेही लिहा.

डिलाईल रोड
१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील संपात. आईने त्याच खोलीत खानावळ काढली. भिंतीला पाठ लावून चार-चार जण जेवायचे, पुढची पंगत बाहेर थांबायची. संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे वडील कित्येक वर्षं गिरणीचा पास जपून होते.

वरळी
नुसत्या दहीहंडीच्या आठवणी नकोत. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, तेव्हा एकाच नळावर पाणी भरणारी माणसं एकमेकांवर दगड टाकत होती. आईने खिडकीला गादी लावली होती. ते दिवस पुसून चाळीचा इतिहास पुरा होणार नाही.

वरळी
चाळींच्या पुनर्विकासात बांधलेल्या टॉवरमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, त्यात आमचंही घर. ५०० चौरस फूट. नायगावच्या ताई, आईने आल्या आल्या आधी संडासचं दार उघडून पाहिलं, खोल्या नंतर. आता काळजी आहे ती लिफ्टची आणि देखभालीच्या खर्चाची. टॉवरची सोसायटी चालवलेलं कोणी असेल तर जरूर लिहा.