डीएपी फेकलं, पाणी दिलं, तरी मका जांभळाच. स्फुरद (फॉस्फरस) खाली उतरतो का?

बांधावरून:
मका महिन्याचा झालाय. पेरताना खत राहून गेलं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ओळींमधून डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) फेकलं आणि वर भरपूर पाणी सोडलं. युरियाचा फरक आठ दिवसांत दिसतो, तसंच होईल वाटलं. पण खालची पानं कडेने जांभळी पडत चाललीत. काल माती उकरली तर दाणे तिथेच! चिमटीत धरला की फुटतो, आत भुसभुशीत. विरघळलंच नाही का? अजून एक पाणी दिलं तर मुळापर्यंत जाईल? माती चुनखडीची, सामू (पीएच) ८.२.

ओल_आणि_मूळ:
दादा, ती टरफलं आहेत. ओल लागली की डीएपीतला बहुतेक स्फुरद लगेच बाहेर पडतो, न विरघळणारा सांगाडा तेवढा मागे राहतो. स्फुरद निघाला हे खरं, पण गेला किती लांब? दाण्यापासून फार तर एक-दोन सेंटिमीटर. युरियाचं मातीत नायट्रेट होतं; नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्यामागे पळतं. स्फुरदाला तुमच्या जमिनीत कॅल्शियम पकडतं, आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम. सामू ६ ते ७ असेल तर ही पकड जरा सैल असते, बस.

त्यामुळे पाणी लोटून तो खाली जाणार नाही. उलट पाणी शेताबाहेर वाहिलं तर मातीसकट स्फुरद नेईल आणि तळ्यात शेवाळ माजवेल. पण ओल मात्र हवीच. मूळ जवळचा स्फुरद ओढून घेतं, तिथे तुटवडा पडतो, मग पलीकडचा ओलीतून मिलिमीटर-मिलिमीटर सरकत येतो. माती सुकली की ती वाटच तुटते.

आणि जांभळं पान म्हणजे दर वेळी खताचीच कमी नव्हे. थंडीने किंवा घट्ट मातीने मुळं अडली तरी पान तसंच दिसतं. एक झाड खणून बघा.

पाभरवाला:
मीही बरीच वर्षं फेकूनच द्यायचो. मग वरच्या १५ सेंमीचा आणि त्याखालच्या १५ सेंमीचा नमुना वेगवेगळा तपासून घेतला. वर स्फुरद भरपूर, खाली ठणठणाट. तेव्हापासून बियाण्याच्या बाजूला ५ सेंमी आणि खाली ५ सेंमी असं पेरूनच देतो. पट्टीत दिलं की मातीशी संबंध कमी येतो, पकडही कमी बसते. फक्त बियाण्यात मिसळू नका. मी एका वर्षी घाई केली, डीएपीच्या अमोनियाने कोंब जळले, ओळीच्या ओळी रिकाम्या.

बांधावरून:
ठिबकमधून दिलं तर?

ओल_आणि_मूळ:
ड्रिपरखाली थोडं खोल जातं, कारण त्या एवढ्याशा जागेत मातीची पकड भरून जाते. पण डीएपी नको, पूर्ण विरघळणारं १२:६१:० (नत्र:स्फुरद:पालाश) खत घ्या. कॅल्शियम नायट्रेटसोबत एका टाकीत टाकलंत तर पांढरा गाळ बसेल आणि तो काढताना माझी आठवण येईल.

बांधावरून:
आत्ताच झाड खणलं. टरफलं वरच्या बोटभर मातीत, ती माती कोरडीठाक. पांढरी मुळं सगळी त्याच्या खाली.