हॉट योगा: आसनांचा गुण की हीटरचा?

टोरांटोकरीण

मैत्रिणीने इतकं डोकं खाल्लं की शेवटी तिच्यासोबत हॉट योगाच्या क्लासला जाऊन आले, पहिल्यांदाच. बाहेर उणे पंधरा आणि आत १०५ फॅरनहाइट, म्हणजे साडेचाळीस सेल्सिअस, वर ४० टक्के आर्द्रता. दीड तास. ठरलेली २६ आसनं आणि सुरुवातीला नि शेवटी एकेक श्वसनाचा प्रकार, क्रम कधीच बदलत नाही. समोर भिंतभर आरसा, खाली कार्पेट (हो, कार्पेट! त्या घामात! वासाबद्दल काही बोलत नाही, जेवायची वेळ असेल कोणाची). शिक्षिका स्वतः एकही आसन करून दाखवत नाही, टाळ्या वाजवत नुसती बोलत सुटते, "लॉक द नी, लॉक द नी".

आसनांबद्दल तक्रार नाही. अर्धचंद्रासन, गरुडासन वगैरे जमलं बऱ्यापैकी. दंडायमान जानुशीर्षासनात एका पायावर उभं राहून दुसरा पाय हातात धरून सरळ करायचा असतो, तिथे घामाने तळवाच हातात राहीना, साबणाच्या वडीसारखा सटकायला लागला. माझा मुद्दा तो नाही. मुद्दा असा की हे सगळं साध्या खोलीत केलं असतं तर काय कमी झालं असतं? बाई म्हणाल्या टॉक्सिन्स बाहेर पडतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं हो, कचरा काढायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, ते हीटर न लावताही चालू असतं. शेजारची एक जण वजन कमी झालं म्हणून खूश, अगं ते पाणी आहे, घरी जाऊन पाणी प्यायलीस की परत येणार.

तर हे माझं वैयक्तिक मत: योगासनं उत्तम, हीटर हा निव्वळ धंदा. ड्रॉप-इनला, म्हणजे एका वेळच्या क्लासला, पंचवीस-तीस डॉलर घेतात. कोणी नियमित जाणारे असतील तर त्यांचं मत वाचायला आवडेल, भांडायलाही हरकत नाही.

मिनेसोटाचा_गारठा

मी जातो नियमित, घ्या भांडायला. तुम्ही एकदा जाऊन आलात आणि धंदा आहे असा निकाल देऊन मोकळ्या झालात, जरा घाई होतेय. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च सूर्य म्हणजे पाहुणा, ऑफिसातून निघताना अंधार, गुडघे आखडलेले, मूड मातीत. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर जे हलकं वाटतं ते मला जिममधे कधी वाटलं नाही आणि घरी चटईवर तर नाहीच नाही, कारण घरी मी चटई अंथरतच नाही.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने नैराश्य असलेल्या ८० लोकांवर ८ आठवड्यांची ट्रायल केली, २०२३ मधे छापून आली, याच १०५ डिग्रीच्या क्लासवर. क्लास करणाऱ्यांपैकी जवळपास ६० टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. न करणाऱ्यांत तो आकडा ६ टक्के. याला धंदा म्हणायचं का?

आकडेमोड्या

अर्धीच गोष्ट सांगितलीत साहेब. त्या ट्रायलमधे तुलना कोणाशी होती? वेटिंग लिस्टवरच्या लोकांशी. म्हणजे एका गटाने क्लास केला आणि दुसरा गट घरी वाट बघत बसला. त्यातून योगाने फरक पडतो असं म्हणता येईल, घराबाहेर पडून चार लोकांत मिसळल्याने पडतो असंही म्हणता येईल, पण हीटरने पडतो असं नाही म्हणता येत. धागाकर्तीचा प्रश्न हीटरचा आहे.

हीटरचा प्रश्न ज्यांनी नीट विचारला ते टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीवाले. चाळिशी ते साठीतले, व्यायाम न करणारे लोक घेतले. एका गटाला हीच २६ आसनं साडेचाळीस डिग्रीत, दुसऱ्याला तीच आसनं २३ डिग्रीत, तिसऱ्याला काहीच नाही, असं १२ आठवडे. रक्तवाहिन्या किती चांगल्या रुंदावतात ते तपासलं. दोन्ही योगावाल्या गटांत सुधारणा झाली आणि गरम खोलीने त्यात काही वेगळी भर घातली नाही. २०१८ चा पेपर आहे. तेव्हा टोरांटोकरीण बाईंना +१.

मिनेसोटाचा_गारठा

रक्तवाहिन्या वेगळ्या, मन वेगळं. तुमच्या अभ्यासात मूडबद्दल काय आहे ते सांगा, नाहीतर तुम्हीही अर्धीच गोष्ट सांगताय.

कर्वेनगरचे_काका

मुळात याला योग म्हणणेच चूक आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली, क्ष-किरण यंत्र लावून उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा अभ्यास केला, विज्ञान हवं असेल तर ते विज्ञान. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात साधकाची मठी कशी असावी ते स्पष्ट दिलंय, "शिलाग्निजलवर्जिते", म्हणजे जवळपास दगड नको, अग्नी नको, पाणी नको. तुम्ही अग्नीही आणलात आणि घामाच्या रूपाने पाणीही. आमच्या पिढीने सकाळी मोकळ्या हवेत आसनं केली, एक रुपया न देता. अमेरिकेतून पॅक होऊन आलं की आपल्या लोकांना ते भारी वाटतं.

चिकित्सक_चिकू

काका दंडवत, पण त्याच ग्रंथात पुढच्या उपदेशात (म्हणजे प्रकरणात) "जलेन श्रमजातेन गात्रमर्दनमाचरेत्" असंही आहे, श्रमाने आलेला घाम पुसू नका, अंगालाच चोळा. म्हणजे घामाचं वावडं नव्हतं त्यांना. अर्थात तो प्राणायामाच्या श्रमाचा घाम, हीटरचा नव्हे, हे मीच सांगून टाकतो नाहीतर तुम्ही सांगाल.

आणि "अमेरिकेतून पॅक होऊन" हे अर्धंच खरं. हा क्रम बसवणारे बिक्रम चौधरी कलकत्त्याचे, विष्णुचरण घोषांचे चेले, आणि हे घोष म्हणजे 'योगी कथामृत'वाल्या परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. माल इथलाच, हीटर नंतर आला आणि हक्क अमेरिकेत चिकटले. या माणसाने २६ आसनांच्या क्रमावर कॉपीराइट सांगितला, दुसऱ्या स्टुडिओंना कोर्टात खेचलं. २०१५ मधे तिथल्या नवव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्टाने) सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट नाही मिळत. पुढच्याच वर्षी त्यांच्या माजी कायदा सल्लागार बाईंनी केलेल्या लैंगिक छळाच्या दाव्यात ज्यूरीने त्यांना लाखो डॉलर भरायला सांगितले. म्हणून तर आता बऱ्याच स्टुडिओंच्या पाटीवरून बिक्रम हे नाव गेलं आणि "हॉट २६" वगैरे आलं. क्लास मात्र तोच.

संत्रानगरी

काहून एवढे पैसे देऊन राहिले बाप्पा? मे महिन्यात नागपूरले या, गच्चीवर चटई टाका, ४५ ची गॅरंटी माझी. आणि खरंच योग शिकायचा असन तर रामनगरात जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ हाये, वर्ग फुकट, हीटर देत नाहीत एवढंच.

आकडेमोड्या

@संत्रानगरी, लोल. पण नागपूरची कोरडी हवा वेगळी हां. कोरड्यात घाम उडून जातो आणि अंग थंड राहतं, त्या खोलीत आर्द्रतेमुळे तो नीट उडतच नाही, टपटप गळतो. गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. म्हणून लोकांना वाटतं काय जबरदस्त व्यायाम झाला! नाडी जोरात चालते ती बरीचशी शरीर थंड करायच्या खटाटोपात.

फिजिओ_ठाणे

एवढा वेळ वाचतेय, कोणी मूळ धोक्याबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहिते. डिटॉक्स, कॉपीराइट राहू दे बाजूला. उष्णतेने स्नायू सैल वाटतात आणि ताण जाणवायचा तो कमी जाणवतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी माणूस रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त वाकतो आणि खूश होतो. दोन दिवसांनी बसताना मांडीच्या मागे, अगदी बैठकीच्या हाडापाशी दुखायला लागतं, मग आमच्याकडे येतात. ज्यांचे सांधे मुळातच ढिले असतात, बोटं उलटी वाकणारे वगैरे, त्यांनी तर फारच जपून. आणि "गुडघा लॉक करा" याचा अर्थ मांडीचा स्नायू आवळा असा घ्या, गुडघा मागे ढकलू नका.

अमेरिकन काउन्सिल ऑन एक्सरसाइजने अशा क्लासमधे लोकांच्या शरीरातलं तापमान मोजलं होतं, काही जणांचं १०३ फॅरनहाइटच्या वर गेलं. घरी एवढा ताप आला तर आपण डॉक्टरकडे पळतो ना? गरोदर असाल, हृदयाचा त्रास असेल, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचंच नाही. बाकीच्यांनी आदल्या दिवसापासून पाणी प्या, क्लासच्या आधी दोनेक तास जेवू नका, गरगरलं की खाली बसा. शिक्षिका "खोलीबाहेर जाऊ नका" म्हणाली तरी बाहेर जा, खुशाल जा.

टोरांटोकरीण

@फिजिओ_ठाणे, धन्यवाद, हे क्लासच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. आमच्याकडून नुसती फॉर्मवर सही घेतली. माझ्या बाजूचे एक आजोबा मधेच खाली बसले तर बाई माइकवरून म्हणाल्या की खोलीतच थांबा, शवासनात पडा. मला ते अजिबात आवडलं नाही.

काका, तुमच्याशी मात्र सहमत नाही. योग आहे की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. आसनं खरी होती, घाम उसना होता, एवढंच म्हणतेय.

मिनेसोटाचा_गारठा

फिजिओताईंचं सगळं मान्य. आजोबांना अडवणं चूकच, आमच्याकडे असं करत नाहीत, दार उघडं असतं. पण तुम्ही सगळे एकच गोष्ट सोडताय. थंड प्रदेशात माणूस व्यायामाला जातो कधी, तर तिथे जावंसं वाटलं तर. मला ती खोली ऊबदार आहे म्हणून जावंसं वाटतं. तुमची ती २३ डिग्रीची खोली रक्तवाहिन्यांना तेवढीच चांगली असेल, मी तिथे जाणारच नसेन तर माझ्या रक्तवाहिन्यांना तिचा काय उपयोग?

आकडेमोड्या

मग सरळ म्हणा ना की ऊब विकत घेतो. त्याला आमची हरकत नाही. वैद्यकीय फायदा म्हणून खपवू नका एवढंच.

कर्वेनगरचे_काका

ऊब हवी तर स्वेटर घाला आणि बारा सूर्यनमस्कार घाला.

मिनेसोटाचा_गारठा

काका, फेब्रुवारीत या इकडे. पहाटे सहाला गराजमधे तुमच्यासाठी चटई अंथरून ठेवतो, हीटर बंद. तुमचे बारा झाले की मी पण तेरावा घालतो.