भाडेकरू भाडं देत नाही, घरही सोडत नाही. काय करावं?

पिंपळेसौदागरवाली:
नमस्कार, बाबांचा वन बीएचके भाड्याने दिलाय, महिना १८ हजार, डिपॉझिट ६० हजार, ११ महिन्यांचं रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स. पाच महिने भाडं नाही, म्हणजे ९० हजार थकले, डिपॉझिट धरलं तरी पुरत नाही. आधी म्हणाला नोकरी गेली, मग म्हणाला पुढच्या महिन्यात एकदम देतो आणि आता फोनच उचलत नाही. बाबा रिटायर्ड, त्यांचं औषधपाणी ह्याच भाड्यातून चालतं. अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. काका म्हणतात लाइट तोडा नाहीतर कुलूप बदला, आपोआप जाईल. करावं का?

कोर्टाच्या_पायऱ्या:
ताई, लाइट आणि कुलूप दोन्हीला हात लावू नका प्लीज. कुलूप बदललंत की तोच पोलिसात जाणार, घरातलं सोनं गेलं म्हणणार, आणि ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याच्याच केसमध्ये बाबा चकरा मारत बसतील.

तुमचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड आहे ही फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ वाचा. राहायला दिलेल्या जागेची मुदत संपली आणि तो हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (ह्याच कायद्याखाली असे अर्ज ऐकणारा अधिकारी) अर्ज करायचा, नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखं वर्षानुवर्षं लटकायला नको म्हणूनच ही सोय आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने अ‍ॅफिडेव्हिट देऊन लढायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरतात. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे, म्हणजे तुमच्या केसमध्ये महिना ३६ हजार. हा आकडा नोटिशीत स्पष्ट लिहा, बरेच जण तो बघूनच सामान बांधतात.

आजच वकिलाकडून नोटीस काढा, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने. व्हॉट्सअ‍ॅपवर तो "देतो देतो" म्हणालाय ते डिलीट करू नका, बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

पिंपळेसौदागरवाली:
खूप आभार दादा. मग आधीचे ९० हजार पण तिथेच मिळतील का?

कोर्टाच्या_पायऱ्या:
नाही, तिथे ताबा आणि मुदतीनंतरची भरपाई. थकलेल्या भाड्यासाठी वेगळा दावा लागतो, पुण्यात लघुवाद न्यायालय (स्मॉल कॉजेस कोर्ट) आहे. त्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आधी घर हातात घ्या.

वाकडचा_भाडेकरू:
मी स्वतः भाड्याने राहतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. नोकरी खरंच गेली असेल तर माणूस लाजेने फोन उचलत नाही, प्रत्येक जण बुडवाच असतो असं नाही. नोटीस पाठवाच, पण सोसायटीच्या सेक्रेटरींना मध्ये घालून एकदा समोरासमोर बसा. डिपॉझिट वळतं करून ३० हजार उरतात, अमुक तारखेला घर रिकामं आणि उरलेले हप्त्याने, असं ठरत असेल तर ठरवा. फक्त तोंडी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावा न टाकता लोकअदालतीत तडजोड नोंदवता येते, कोर्ट फी नाही आणि त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच (डिक्रीची) ताकद असते, तो फिरला तर अंमलबजावणी मागता येते.

कोर्टाच्या_पायऱ्या:
+१. फक्त बोलणी चालू आहेत म्हणून मुदत संपल्यावर अर्ज थांबवू नका, आणि "अजून ११ महिने वाढवून द्या, सगळं देतो" म्हणाला तर कुठेही सही नको.

पिंपळेसौदागरवाली:
सोमवारी वकिलांकडे जातेय, सेक्रेटरीकाकांशी आज संध्याकाळीच बोलते. बाबांना वाचून दाखवलं सगळं.