पावसानंतर लागलेला इंजिनचा पिवळा दिवा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-२०३ : सर्वांना नमस्कार. काल सायंकाळी कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगावला परतताना वाटभर मुसळधार पाऊस होता आणि एके ठिकाणी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढावी लागली. घरी पोहोचेपर्यंत काहीच त्रास झाला नाही. आज सकाळी मात्र गाडी सुरू करताच इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तो विझायला तयार नाही. गाडी चालते, पण सिग्नलला उभी असताना स्टेअरिंग थरथरते. मुलाला कॉलेजला सोडायचे आहे. गाडी न्यावी का?

अ-१०४ : ताई, घाबरू नका, पावसाळ्यात असे होतेच. बॅटरीची एक वायर दहा मिनिटे काढून पुन्हा जोडा, दिवा जाईल. मी दोनदा केले आहे.

क-३०१ : साहेब, कृपया हा सल्ला आज नको. बॅटरी काढल्याने बऱ्याच गाड्यांत दिवा जातो हे खरे, पण त्याच्याबरोबर संगणकाने नोंदवून ठेवलेला दोषाचा कोडही पुसला जातो, आणि मग मिस्त्रीच्या हाती अंदाजाशिवाय काही उरत नाही. ताई, आधी एवढेच सांगा की दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे.

ब-२०३ : काका, उभी असताना स्थिर असतो. मघाशी गेटपासून वळणापर्यंत नेऊन पाहिली, तेव्हा चढावर थोडा वेळ लुकलुकला.

क-३०१ : मग गाडी आज नेऊ नका, मुलाला रिक्षाने पाठवा. कारण सविस्तर लिहितो, कारण या महिन्यात आपल्यापैकी आणखी दोघा-तिघांवर ही वेळ येणार आहे.

हा दिवा पाणी ओळखत नाही. इंजिनच्या संगणकाला ठिकठिकाणच्या सेन्सरांकडून जे आकडे येतात ते अपेक्षेबाहेर गेले की तो दिवा लावतो. पाण्याने नेमके काय बिघडवले हे शोधणे आपले काम. पेट्रोल गाडीत पहिला संशय इग्निशन कॉइलवर घ्यावा. प्रत्येक स्पार्क प्लग इंजिनच्या डोक्यात एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यात बसलेला असतो आणि त्यावर रबरी नळीसकट कॉइल बसते. कॉइलमधून हजारो व्होल्टची वीज येते. त्या खड्ड्यात पाणी किंवा नुसती ओल असली, तर ही वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता ओल्या रबरावरून जवळच्या धातूत उतरते, ठिणगी पडत नाही आणि तो सिलिंडर त्या फेरीला जळतच नाही. क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, वेग तेवढ्यापुरता किंचित घसरतो. संगणक ते मोजतो आणि ‘मिसफायर’ म्हणून नोंदवतो. ताईंची गाडी तीन सिलिंडरची आहे. तिघांतला एक गडी बसून राहिला की उरलेल्या दोघांची ओढाताण स्टेअरिंगपर्यंत जाणवणारच.

लुकलुकण्याचा अर्थ याहून गंभीर आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, आणि त्या उष्णतेने आतली चिनी मातीची जाळी वितळू शकते. हा भाग महागडा असतो. स्थिर दिव्यावर गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते; लुकलुकत्या दिव्यावर रेटू नये.

ड-४०२ : काका, आमची डिझेल गाडी आहे. तिलाही हेच लागू होते का?

क-३०१ : डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे हे कारण तिथे गळते. तिच्यात आधी एअर फिल्टर भिजला आहे का ते पाहावे, मग हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर आणि वायरिंगचे जोड पाहावेत. डिझेलमध्ये पाणी मिसळल्याचा दिवा बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.

पेट्रोल गाडीत आणखी एक जागा म्हणजे एक्झॉस्टच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर. त्याचा आतला भाग तीनशे अंशांहून अधिक तापलेला असतो, त्यामुळे साचलेल्या थंड पाण्यातून गाडी गेली की क्वचित तो तडकतो. अशा वेळी गाडी बहुधा थरथरत नाही. दिवा तेवढा लागून राहतो आणि पुढे ॲव्हरेज पडते.

अ-१०४ : आणि गाडी पाण्यातच बंद पडली तर?

क-३०१ : तर किल्लीला हात लावायचा नाही. बळ्ळारी नाल्याला पूर येतो तेव्हा वडगाव-शहापूरकडे लोक हीच चूक करतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते हवेसारखे दबत नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उद्यमबागेत नोकरीला असताना असा वाकलेला रॉड मी हातात घेऊन पाहिला आहे, केळ्यासारखा झाला होता. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे कलम वेगळे घ्यावे लागते.

ब-२०३ : सकाळपासूनची हकिगत कळवते. मिस्त्री घरीच आला. त्याने स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड पी ०३०३ निघाला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. कॉइल उपसून टॉर्च मारला आणि तो म्हणाला, “ओळग नीर होग्याद” (आत पाणी गेलंय). आत खरोखरच चमचाभर पाणी होते, पण ते चहासारखे तांबूस होते. रबरी नळीला उभी बारीक चीर आणि तिच्या कडेने काळी रेघ होती.

क-३०१ : तांबूस, म्हणजे गंजलेले. ते कालचे पाणी नव्हे, ताई. मध्यंतरी इंजिन धुऊन घेतले होते का?

ब-२०३ : होय. तीन आठवड्यांपूर्वी एका वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने धुतले होते. मी सांगितले नव्हते. त्यांनी हौसेने धुतले आणि वर पैसेही लावले.

क-३०१ : मग तेच मूळ. ते पाणी खड्ड्यात साचून राहिले, वीज चिरेतून हळूहळू वाट काढत राहिली आणि कालच्या दमटपणाने उरलेले काम केले. जांबोटीच्या रस्त्यावर उगाच आळ आला. प्लग काढण्यापूर्वी त्याने खड्डा हवेने फुंकून कोरडा केला ना? नाहीतर ते गंजाचे पाणी थेट सिलिंडरमध्ये पडते.

ब-२०३ : होय काका, पायपंपाला नळी लावून फुंकला, मग फडक्याने पुसून घेतला. कॉइल ठीक आहे. रबरी नळी आणि प्लग नवीन बसवले. थरथर थांबली. दिवा अजून आहे, पण मिस्त्री कोड पुसू का असे विचारत होता.

क-३०१ : कोडचा फोटो काढून ठेवला असेल तर पुसायला हरकत नाही. नाही पुसला तरी दोष परत दिसला नाही, तर बहुतेक गाड्यांत सलग तीन फेऱ्यांनंतर दिवा आपोआप जातो. फेरी म्हणजे थंड गाडी सुरू करून इंजिन नीट तापेपर्यंत चालवणे. गेटपर्यंत जाऊन येणे त्यात धरू नका.

ब-२०३ : मग पुसत नाही. उद्यापासून तीन दिवस मुलाला कॉलेजला मीच सोडते आणि दिव्याचे काय झाले ते इथे कळवते.