मचाण जितकं उंच तितकं चांगलं? मला नाही पटत

हरणाच्या शिकारीसाठी झाडावर मचाण 30 फुटांवर बांधलं की हरणाला माणसाचा वास लागत नाही, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. उंचीचा थोडा फायदा होतो, पण संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली सरकू लागली की वासही तिच्याबरोबर खाली येतो. त्यामुळे आधी वाऱ्याची दिशा बघून झाड निवडा, उंची नंतर.

30 फुटांवरून बुंध्याजवळच्या हरणावर बाण सोडला तर कोन फार तीव्र होतो. बाण पाठीतून शिरतो आणि पुष्कळदा एकच फुप्फुस भेदतो. असं जनावर लांबवर पळतं, सापडतही नाही, कुठेतरी तडफडत मरतं. हे मला सहन होत नाही. 15 ते 20 फूट पुरे. तिथूनही जनावर थोडं दूर, आडवं उभं राहीपर्यंत थांबा, आणि नुसता हात खाली न झुकवता कमरेतून वाका.

हार्नेसबद्दल, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्याबद्दल, कुणीच बोललं नाही, म्हणून कळकळीने सांगतो. माणसं पडतात ती बहुधा चढता-उतरताना, शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. वर पोचल्यावर पट्टा लावून काय उपयोग? पाय जमिनीवर असतानाच झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या दोरात अडकवा. त्या दोराभोवती गुंडाळलेली प्रुसिक गाठ हाताने सहज सरकते, वजन पडलं की घट्ट आवळते. लोंबकळत राहिलात तर मांड्यांचे पट्टे रक्तप्रवाह अडवतात, म्हणून पाय टेकवायला दोराचा एक फास खिशात हवाच. धनुष्याऐवजी बंदूक असेल तर ती रिकामी करून, दोरीनेच वर ओढा.